नकल तपासणारा माणूस

माझं लग्न एका शब्दापायी मोडता मोडता राहिलं. मुलगी बघायला आम्ही गडहिंग्लजला गेलतो. पोहे झाले, मुलीनं नाव आणि शिक्षण सांगितलं, ती आत गेली आणि तिच्या वडिलांनी खुर्ची माझ्याकडं वळवली.

"पावणं, कारखान्यात नेमकं काय करतायसा तुम्ही?"

माझ्या आधी माझे मामाच बोलले. "नकला तपासतोय की त्यो. दिवसभर तेच काम."

घरातले सगळे एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी दाराशी बसलेल्या शेजाऱ्यानं धीर केला. "म्हंजे शाळंत कॉप्या धरत्यात व्हय?"

"कारखान्यात कसल्या आल्यात कॉप्या?" मुलीचे वडील म्हणाले, आणि मग माझ्याकडं बघून जरा हळू आवाजात विचारलं, "का तमाशात हायसा?"

मी, सदा कांबळे, शिरोलीच्या एका पोलाद ओतायच्या फौंड्रीत तपासनीस होतो. रेल्वेच्या मालगाडीचे डबे एकमेकांना जोडायचा जो भाग असतो त्यातला मुख्य तुकडा आम्ही ओतायचो. इंग्रजीत त्याचं नाव नकल; बोटांच्या पेरांना म्हणतात तोच शब्द. आमच्या कामगारांनी तो जसाच्या तसा उचलला आणि मराठीत नांदवला. एक नकल, दोन नकला, नकलेचं भोक, नकलेची पिन. त्यात काही वावगं आहे हे गडहिंग्लजला जाईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मी खुर्ची पुढं ओढली आणि त्यांना म्हणालो, "उजवा हात पुढं करा. चार बोटं वाकवा. आता माझी बोटं अशी तुमच्या बोटांत अडकली. ओढा." त्यांनी सगळी नोकरी एसटीचं स्टेअरिंग फिरवण्यात घालवली होती. त्यांनी ओढलं आणि मी खुर्चीसकट त्यांच्या मांडीपर्यंत गेलो. "हे असं डबे धरतात," मी म्हणालो. ते मनगट चोळत म्हणाले, "आणि वाटंत सुटलं तर?"

"सुटू नये म्हणूनच मी तपासतो."

लग्न ठरलं. सासऱ्यांनी पुढं कैक वर्षं गावात सांगितलं की जावई रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर आहे. मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

ज्यांना या कामाची काही कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पूर्वी डबे जोडायला आकडा आणि साखळीसारखी स्क्रूची जोड असायची. दोन डबे जवळ आले की एक माणूस वाकून मध्ये शिरायचा, कडी उचलून आकड्यात घालायचा आणि स्क्रू आवळायचा. डबा जरा सरकला तरी तो माणूस मध्येच. किती जणांचे हात आणि बरगड्या त्यात गेल्या असतील ते रेल्वेवाल्यांना ठाऊक. नव्या जोडीत माणसानं मध्ये जायचंच नसतं. डब्याच्या तोंडाला एक पोलादी पंजा असतो. त्याचं वाकलेलं, बिजागरीवर फिरणारं बोट म्हणजे नकल. डबे एकमेकांवर आपटले की नकल मिटते आणि मागं आपोआप कुलूप पडतं. सोडवायचं असेल तर बाजूला उभं राहून दांडी उचलायची, कुलूप वर जातं, नकल उघडते.

आणखी एक गोष्ट लोकांना पटत नाही. ताण फारच झाला तर पंजा न मोडता आधी नकल मोडावी, असाच तिचा हिशोब ठेवलेला असतो. पंजा मोडला तर डबा कारखान्यात न्यावा लागतो. नकल तिथल्या तिथं बदलता येते. म्हणजे वेळ आल्यावर मोडणारी वस्तू आम्ही बनवत होतो. पण त्या वेळेच्या आधी मोडली तर धावती मालगाडी घाटात दोन ठिकाणी होणार. माझं सगळं काम त्या 'आधी' या शब्दापुरतं होतं.

या कामानं माणसाला खोडी लागते. कोल्हापूरच्या मालधक्क्यावर मी एकदा दोन वॅगनींच्या मध्ये डोकं घालून उभा होतो. रेल्वे पोलिसानं मागून कॉलर धरली.

"ओ, काय शोधताय तितं?"

"नंबर बघतोय. आमचा हाय का बघतोय."

"गाडीचा नंबर भाईर लिवलाय की!"

त्याला सांगायला गेलो की प्रत्येक नकलेवर अंक ओतलेले असतात, कुठल्या भट्टीच्या कुठल्या रसातली ती कितवी, ते मरेपर्यंत तिच्या अंगावर राहतात. तो म्हणाला, "तुमी आधी भाईर या." बायको रिक्षात बसून हे सगळं बघत होती.

आता रंगरावाचं सांगतो.

रंगराव आमच्या फेटलिंग खात्याचा फोरमन. साच्यातून निघालेला माल अंगावर वाळू, कंगोरे, फाटे घेऊन येतो. ते तोडून घासून त्याला माणसात आणायचं काम फेटलिंगचं. रंगराव जोतिबाच्या पायथ्याच्या गावचा, घरची थोडी शेती, दोन म्हशी, आणि आवाज असा की ग्राइंडर चालू असतानाही त्याला ओरडावं लागायचं नाही. वेल्डिंगमध्ये त्याचा हात धरणारा त्या औद्योगिक वसाहतीत कुणी नव्हता. मी त्याचा माल नापास केला की तो सगळ्या खात्याला ऐकू जाईल असं म्हणायचा, "सदा, मर्दा, तुझ्या डोळ्यात मोतीबिंदू कवा पडतोय म्हणून मी जोतिबाला नवस बोललोय!" दुपारी आम्ही एकाच डब्यातलं खायचो. पंधरा वर्षं हे चाललं.

त्या साली आमच्याकडं सुरक्षा सप्ताह चालू होता. फाटकावर भलामोठा फलक लागला होता: 'सुरक्षा हाच आमचा धर्म'. कामगारांच्या मुलांची चित्रकला स्पर्धा झाली. मोठ्या मालकांचं भाषण झालं. भाषण लिहिलं होतं धाकट्या मालकांनी, जे पुण्याहून व्यवस्थापन शिकून नुकतेच आले होते आणि प्रत्येक अडचणीला 'आव्हान' म्हणायचे.

त्याच आठवड्यात रेल्वेची एक लॉट द्यायची होती. तिच्यातल्या चार नकलांच्या आतल्या वळणावर मला भेग दिसली. वळण म्हणजे बोटाची आतली बाजू, सगळी ओढ तिथं येते. मी चारही नकलांवर लाल फुली मारली, वहीत नंबर लिहिले आणि पुढं गेलो. यात विशेष काही नव्हतं. नापास माल परत भट्टीत जातो, वितळतो, दुसऱ्या जन्मात कदाचित पास होतो.

पण चार कमी पडल्या तर लॉट पुरी होत नव्हती, आणि नव्या ओतून, तापवून, थंड करून तयार करायला दिवस नव्हते. दुसऱ्या दिवशी मी फेटलिंगच्या शेडमागं मापाचं गेज आणायला गेलो. पत्र्याच्या पलीकडं धाकटे मालक बोलत होते.

"चारच तर आहेत. वेल्डिंगनं भरून घ्या."

"सायेब, हितं भरायचं नस्तंय," रंगरावाचा आवाज. "दुसरीकडं भरलं तर चालतंय. वळणावर न्हाय."

"रंगराव, हे आव्हान आहे. तुमच्याइतका हात कुणाचा आहे?"

"हात हाय म्हणून काय झालं? कांबळे बघत्यात की."

"कांबळेंचं मी बघतो. तुम्ही भरा."

मी गेज घेऊन आल्या पावली परत फिरलो. पत्र्याला कान नसतात, पण मला होते, आणि सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं.

दोन दिवसांनी त्या चार नकला पास झालेल्या ढिगात होत्या. रंगरावाचा हात खरंच सोन्याचा होता. भेग कुठं होती ते शोधायला मला, जागा ठाऊक असून, बोट फिरवावं लागलं. ओतीव मालाचं अंग खरखरीत असतं. तिथं मात्र हनुवटीवर वस्तरा फिरवल्यासारखी दोन बोटं गुळगुळीत जागा होती. वर काळा रंग. वेल्डिंगनं भेग वरून बुजते, पण असल्या पोलादात ती भरावाच्या काठाकाठानं पुन्हा फुटते. आज नाही फुटली तर घाटात फुटते.

मी रंगरावाला गाठलं. त्यानं मान वर केली नाही. "मला इचारू नगंस. भरा म्हटलं, भरलं. माझी दोन पोरं शिकत्यात."

मग धाकट्या मालकांनी मला बोलावलं. टेबलावर माझी तपासणीची वही होती, आणि शेजारी तिची नवी, स्वच्छ अक्षरातली प्रत. त्या प्रतीत चार फुल्या नव्हत्या.

"जुन्या वहीवर तेल सांडलं होतं," ते म्हणाले. "म्हणून नक्कल करून घेतली. तुम्ही फक्त सही करा."

माझी सगळी उमर नकला तपासण्यात गेली होती आणि ही एक नक्कल तपासायची नव्हती, नुसती सही करायची होती. मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी सही केली. फक्त रोजची इंग्रजी वळणाची सही न करता मराठीत, शाळेतल्या पोरासारखं, पूर्ण नाव लिहिलं. याला मी त्या वेळी निषेध समजत होतो. धाकट्या मालकांचं त्याकडं लक्षही गेलं नाही.

रेल्वेकडून तपासणीला आलेले साहेब ओडिशाकडचे. दहा वर्षं महाराष्ट्रात काढून ते मराठी शिकले होते, तेही वर्तमानपत्रातून, त्यामुळं अग्रलेखासारखं बोलायचे. मालकांनी त्यांच्यासाठी हॉटेलातून जेवण मागवलं होतं. त्यांनी पिशवीतून आपला डबा काढला आणि नकलांच्या ढिगाशेजारी लाकडी खोक्यावर बसून दहीभात खाल्ला. "मी कोणाचेही आतिथ्य स्वीकारत नाही. कृपया गैरसमज नसावा." मालकांचा गैरसमज झालाच.

जेवण झाल्यावर त्यांनी वही मागितली. पानं उलटत ते शेवटच्या पानावर थांबले, मागच्या लॉटचं पान काढलं, पुन्हा पुढं आले.

"श्रीयुत कांबळे, ही स्वाक्षरी आपली आहे काय?"

"व्हय साहेब."

"आणि ही?"

"तीपण माझीच."

"दोन्ही भिन्न आहेत."

धाकटे मालक म्हणाले, "सर, ते मराठीचे अभिमानी आहेत."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग धाकट्या मालकांना म्हणाले, "आपण जरा बाहेर थांबावे, ही विनंती." ते गेल्यावर माझ्याकडं न बघताच म्हणाले, "मला या ढिगातून नमुने निवडावयाचे आहेत. सर्व नमुने तपासणे शक्य नाही. आपण काही क्रमांक सुचवाल काय?"

शेजारी रंगराव ग्राइंडर बंद करून उभा होता. त्याला सगळं कळलं होतं. त्यानं माझ्याकडं बघून अगदी बारीक मान हलवली. ती हो होती का नको होती हे मला आजपर्यंत समजलेलं नाही.

मी चार नंबर सांगितले. एकापाठोपाठ एक, वही न बघता.

त्यांनी त्या चार नकला बाहेर काढायला लावल्या, रंग खरवडायला लावला, मग चुंबकी चाचणी. तुकड्यात वीज सोडून त्याला चुंबक करायचं आणि वर लोखंडाची बारीक भुकटी टाकायची. भेग असेल तिथं भुकटी गोळा होते. पहिल्याच नकलेवर, गुळगुळीत जागेच्या दोन्ही काठांना, मुंग्यांच्या रांगा लागाव्यात तशा दोन काळ्या रेघा उमटल्या. साहेब म्हणाले, "संपूर्ण लॉट नामंजूर." आणि डबा पिशवीत घालून गेले.

दुसऱ्या दिवशी मोठ्या मालकांच्या केबिनमध्ये चौकशी झाली. मालक, धाकटे मालक, रंगराव आणि मी. मोठे मालक तसे सरळ माणूस. स्वतः हातानं साचे भरून वर आलेले. त्यांनी रंगरावाला विचारलं, "वळणावर वेल्डिंग भरायला कुणी सांगितलं?"

"धाकट्या सायेबांनी."

धाकटे मालक छताकडं बघत म्हणाले, "मी 'दुरुस्ती करा' म्हणालो होतो. दुसरीकडं कुठं किरकोळ असेल ती. वळणावर भरा असं कोण म्हणेल?"

"तुमीच म्हणालासा की सायेब! चारच हाईत म्हणालासा!"

मोठे मालक माझ्याकडं वळले. "कांबळे, तुमच्या कानावर काय होतं का?"

त्या क्षणाची मी नंतर फार उजळणी केली. मला एवढंच बोलायचं होतं की होय, मी पत्र्यामागं होतो आणि सगळं ऐकलं. त्याच्या आदल्या दिवशी मी चार नंबर घडाघडा सांगितले होते. नंबर पोलादाचे होते. आता नाव माणसाचं सांगायचं होतं, आणि तो माणूस उद्याचा मालक होता. माझी मुलगी इंजिनिअरिंगला होती. घराचं काम निम्म्यात होतं. कारणं माझ्याकडं भरपूर होती, कारणांचा तुटवडा कुणालाच नसतो.

"मी तेव्हा तिथं नव्हतो," मी म्हणालो.

रंगरावानं माझ्याकडं बघितलं. त्याला ठाऊक नव्हतं की मी ऐकलं होतं. पण पंधरा वर्षं एका डब्यातलं खाल्लेल्या माणसाचा खोटा आवाज ओळखायला आणखी काही लागत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा आवाज बारीक झालेला ऐकला: "बरं. जातो मी मग."

त्याला काढून टाकलं. फाटकावरचा सुरक्षेचा फलक तेव्हा अजून उतरवला नव्हता. त्याच्या खालूनच तो सायकल घेऊन गेला.

माझं काय झालं म्हणाल तर, पहिले सहा महिने मला कँटीनच्या तपासणीवर टाकलं. आमटीत मीठ बरोबर आहे का ते मी सही करून सांगायचो. मग हळूहळू काम परत आलं, आणि एक चमत्कार झाला. पुढच्या वर्षी बाहेरदेशचं गिऱ्हाईक बघायला आलं तेव्हा धाकट्या मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांना सांगितलं, "हे आमचे मिस्टर कांबळे. यांनी आमचीच लॉट नापास करायला लावली. आमच्याकडं गुणवत्ता अशी आहे." गिऱ्हाइकानं माझा हात हातात घेतला आणि फोटो काढला. त्यानंतर कुणीही पाहुणा आला की मला बोलवायचे. भट्टी, प्रयोगशाळा आणि मी, या क्रमानं दाखवायचे. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला सन्मानपत्र दिलं. त्यावर 'निर्भीड' असा शब्द आहे. बायकोनं ते चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावलं. मी त्याच्याखालच्या खुर्चीत बसत नाही, समोरच्याही नाही. पंख्याचं वारं तिथं लागत नाही असं सांगतो.

अकरा वर्षांत रंगराव माझ्याशी बोलला नाही. मी दोनदा गेलो. एकदा त्यानं दार लावून घेतलं. एकदा त्याच्या बायकोनं पाणी दिलं आणि "ते रानात गेल्यात" म्हणाली, आणि आतून त्याचा खोकला ऐकू येत होता. रस्त्यात गाठ पडली तर तो बाजूनं जायचा. त्यानं जोतिबाच्या रस्त्याला वेल्डिंगचं दुकान टाकलं होतं. गेट, जाळ्या, जिन्याचे कठडे. चांगलं चालतंय असं ऐकून होतो.

गेल्या वर्षी मला घराला फाटक करायचं होतं. बायको म्हणाली, कोपऱ्यावरच्याकडनं करून घ्या. मी तिला काही न सांगता रंगरावाच्या दुकानात गेलो. तो मला बघून ग्राइंडरकडं वळला. त्याच्या पोरानं मापं लिहून घेतली. आठवड्यानं या म्हणाला.

आठवड्यानं गेलो. फाटक भिंतीला टेकवून उभं होतं. रंगराव बाजूच्या लाकडी बाकावर विडी ओढत बसला होता, माझ्याकडं पाठ करून. मी फाटकाभोवती फिरलो. म्हटलं, इतक्या वर्षांनी आलोय, गोड बोलावं.

"छान झालंय," मी त्याच्या पाठीला म्हणालो. "काही प्रश्नच नाही. एकदम छान."

पाठ तशीच. पण विडी ओढायची थांबली. मला कळलं, मी पुन्हा तेच केलं होतं. मी खाली बसलो, बोट फिरवत डाव्या बाजूच्या खालच्या बिजागरीपर्यंत आलो. वरून टाका सुबक होता. आतल्या अंगाला मात्र निम्म्यात सुटला होता. दोन वर्षांत तिथून तडकला असता.

"रंगराव," मी म्हणालो, "खालची बिजागरी नापास. आतनं टाका पोचला न्हाय."

आणि पुढचं ठरवून आलो नव्हतो, पण तोंडातून गेलं. "आणि त्या दिवशी मी पत्र्यामागं होतो. सगळं ऐकलंतं मी."

रस्त्यावरनं जोतिबाला जाणारी एक जीप गेली. मग त्यानं विडी विझवली, उठला, गुडघ्यावर हात टेकून माझ्या शेजारी खाली बसला आणि बिजागरीच्या आत बोट घातलं. चष्म्यावरून नीट बघितलं. कोपऱ्यातली वेल्डिंगची काच घेतली, दांडी लावली आणि माझ्या खांद्याला हातानं ढकललं.

"मागं सर," तो म्हणाला. "डोळं जातील."